धुके, धूर आणि कॅमेरा

ताईच्या दिल्लीतल्या घरात, बैठकीच्या खोलीत, माझे एक छायाचित्र दोन वर्षे टांगलेले होते. आता ते तिथे नाही.

चित्र असे होते : जानेवारीतली सकाळ, दक्षिण दिल्लीतल्या एका जुन्या कबरीची बाग. दिल्लीत अशा कबरी पुष्कळ, म्हणून नाव घालत नाही. मधोमध फरशीची वाट, तिच्या टोकाला चौथऱ्याच्या तीन-चार कमानी, त्यांच्यावर मधल्या मोठ्या कमानीची नुसती कड, आणि त्यावर काही नाही. घुमट धुक्यात पार विरघळून गेलेला. डाव्या हाताला खराटा घेऊन वाकलेला एक माणूस. चित्रात काळे म्हणावे असे तेवढेच. पुण्यात एका प्रदर्शनात या चित्राचे बऱ्यापैकी कौतुक झाले. मग मी त्याची मोठी प्रत करून, चौकट घालून ताईला नेऊन दिली.

तिसऱ्या हिवाळ्यात तिचा फोन आला. “अरे, तुझा फोटो काढून ठेवलाय. राग मानू नकोस. पण खिडकीबाहेर तेच आणि भिंतीवरही तेच, मला नाही बघवत. तू त्याला धुकं म्हणतोस. मला ते नाकातून आत घ्यावं लागतं.”

लग्न होऊन दिल्लीला गेली तेव्हा ताई धडधाकट होती. पर्वती एका दमात चढायची. दमा तिला तिथे गेल्यावर काही वर्षांनी जडला. हे सगळे ठाऊक असूनही मला राग आलाच. मी तिला फोनवरच सुनावले की नोव्हेंबरात असतो तो धूर, जानेवारीतले ते खरेच धुके, दोन्हींत फरक आहे. ती म्हणाली, “असेल. माझ्या छातीला कळत नाही तो.”

त्या दिवसापासून, धुक्यातली छायाचित्रे काढणाऱ्या जुन्या लोकांनी धुक्याकडे कसे पाहिले हे मी शोधत गेलो. प्रकाशचित्रणाच्या इतिहासाची पुस्तके या विषयाला दोन-चार ओळींपलीकडे जागा देत नाहीत. हवामानशास्त्राच्या लेखांत छायाचित्रे नसतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की मात्र एक गोष्ट दिसू लागते. ती मला दिसली त्याच क्रमाने सांगतो.

*

सुरुवात आपल्याच एका कड्यापासून. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरीतला अधिकारी. दख्खनच्या पाहणीचे काम त्याच्याकडे होते. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा प्रदीर्घ निबंध १८३५मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या कडेला त्याने जे पाहिले ते त्यात आहे. खालच्या कोकणातून धुके वर चढून कड्याच्या पातळीच्या किंचित वर आलेले, पण पठारावर न आलेले. पाठीशी कोवळा, खाली असलेला सूर्य. समोरच्या धुक्यात पूर्ण गोल इंद्रधनुष्य, अर्धे त्याच्या पायांच्या पातळीच्या वर, अर्धे खाली. आणि त्या वर्तुळात त्याची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. गडांवर जाणारी मंडळी याला इंद्रवज्र म्हणतात आणि ते दिसावे म्हणून पावसाळ्यात कड्यावर तासन् तास बसून राहतात. साइक्सचा निबंध छापला गेला त्यानंतर चार वर्षांनी, १८३९मध्ये, प्रकाशचित्रणाचा शोध जगापुढे आला.

साइक्सकडे कॅमेरा असता तरी काही साधले नसते. सुरुवातीच्या कागदी निगेटिव्हला उघड्या उन्हातही मिनिटांच्या हिशेबात प्रकाश द्यावा लागे. हलणारे धुके तेवढ्या वेळात नुसता पांढरा सपाटा होऊन उमटते. पण अडचण वेगाचीच होती असे नाही. पुढे प्लेटा वेगवान झाल्या तरी धुक्याचे भांडण मिटले नाही, कारण ते रंगाचे होते.

१८५१मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची तीसेक वर्षे जगभर तीच चालली. काचेवर कोलोडियनचा थर ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायचा, ओला आहे तोवर चित्र घ्यायचे आणि ओला आहे तोवरच ते धुऊन काढायचे. या थराला जांभळा आणि निळा प्रकाश दिसे. हिरवा जेमतेम दिसे, तांबडा मुळीच नाही. आता दूरच्या डोंगरावर आपल्याला जो निळसर झाकोळ दिसतो, तो हवेतल्या सूक्ष्म कणांनी आणि रेणूंनी विखुरलेला प्रकाश. लॉर्ड रॅलेने १८७१मध्ये त्याचे गणित मांडले : तरंगलांबी जितकी आखूड तितके विखुरणे जास्त, आणि तेही चौथ्या घाताने. म्हणजे स्वच्छ हवा जांभळ्या प्रकाशाला तांबड्याच्या साधारण नऊपट विखुरते. थोडक्यात, ज्या रंगाचा पडदा हवेत सर्वांत दाट, नेमका तोच रंग त्या काचेला दिसत होता. डोळ्याला दिसलेला डोंगर काचेवर अर्धा पुसलेला निघे. जुन्या छायाचित्रांत मागचे डोंगर इतके फिकट का, याचे उत्तर पुष्कळदा हवेत नसून रसायनात आहे.

सॅम्युएल बोर्नची हिमालयातली चित्रे या पार्श्वभूमीवर पाहावीत. हा इंग्रज १८६३मध्ये हिंदुस्थानात आला, सिमल्यात त्याने व्यवसाय मांडला आणि १८६३, १८६४ व १८६६ अशा तीन मोठ्या सफरी केल्या. शेवटच्या सफरीत तो सुमारे १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीपर्यंत पोचला. बरोबर काचा, रसायने, अंधाराचा तंबू आणि हे सारे वाहून नेणारे डझनावारी हमाल. त्याचे सफरींचे वृत्तान्त लंडनच्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’त छापून येत. त्याला हवा होता तो लख्ख डोंगर. प्रत्येक सुळका मोजता यावा असा. याच काळात सरकारही छायाचित्रकार नेमून विजापूर-बदामीच्या वास्तू टिपून घेत होते. नोंद हवी होती, आणि नोंदीत धुक्याला जागा नसते. दगडावरची नक्षी दिसली नाही तर ती काच वाया गेली. त्या पन्नास वर्षांत धुके म्हणजे चूक होती, एवढे म्हटले तरी चालेल.

एक बारीक फरक इथेच सांगून ठेवतो, पुढे तो लागणार आहे. झाकोळ आणि धुके एक नव्हे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग सारखेच विखुरतात. म्हणून शुद्ध धुके पांढरे असते. तांबडी काच भिंगावर लावून किंवा पुढे अवरक्त फिल्म वापरून झाकोळ भेदता आला. धुके असे भेदता येत नाही. शास्त्राच्या व्याख्येप्रमाणे एक किलोमीटरच्या आत दिसेनासे झाले की ते धुके.

*

धुक्याची बाजू घेणारा पहिला मोठा छायाचित्रकार डॉक्टर होता हे मला गमतीचे वाटते. पीटर हेन्री एमर्सन. १८५६मध्ये क्युबात जन्म, शिक्षण इंग्लंडात, वैद्यकीची पदवी. मग वैद्यकी सोडून कॅमेरा. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक परगण्यात ब्रॉड्स नावाचा पाणथळ मुलूख आहे : उथळ तळी, लव्हाळ्याचे बेट, सपाट होड्या आणि सकाळच्या वेळी पाण्यावर बसलेले धुके. टी. एफ. गुडॉल या चित्रकाराबरोबर एमर्सनने १८८६मध्ये तिथल्या जीवनावर चाळीस प्लॅटिनम प्रतींचे पुस्तक काढले. १८८९मध्ये त्याने सिद्धान्त मांडला : माणसाचा डोळा सगळीकडे सारखे स्वच्छ पाहत नाही. मध्यभाग स्पष्ट, बाकीचे मऊ. मग छायाचित्राने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टोकदार का असावे? हवेतून पाहिलेले दृश्य हवेसकट उमटले पाहिजे.

यावर मोठा वादंग झाला. त्याहून मोठा धक्का एमर्सनने स्वतःच दिला. वर्षभरातच, १८९०मध्ये, काळ्या किनारीचे सुतकी पत्रक छापून त्याने आपलाच सिद्धान्त मृत जाहीर केला. कारण होते हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांचे संशोधन. प्लेटवर पडलेला प्रकाश आणि उमटणारा काळेपणा यांचे नाते ठरलेले आहे, छायाचित्रकाराला ते हवे तसे वळवता येत नाही, असे त्यातून दिसत होते. वळवता येत नसेल तर ही कला कसली, असा एमर्सनचा निष्कर्ष. माणूस तडकाफडकी होता. पण मौज अशी की ही कला नाही असे जाहीर केल्यानंतर त्याने केलेले ‘मार्श लीव्ह्ज’ हे १८९५चे पुस्तक त्याचे सर्वांत चांगले काम आहे. सोळा चित्रे. बर्फ, धुके, एखादे काटकुळे झाड, पाण्याची कड. बस्स. मला तर वाटते, कला असल्याचे ओझे उतरल्यावरच त्याचा हात मोकळा झाला.

एमर्सनचे धुके दलदलीतले होते. मोकळ्या आकाशाची थंड रात्र, जमिनीलगत गारठलेली दमट हवा, सूर्य वर आला की वितळणारा पडदा. पुढच्या पिढीने कॅमेरा शहरात नेला आणि धुके मात्र त्याच नजरेने पाहिले.

न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली फ्लॅटआयर्न ही इस्त्रीसारख्या त्रिकोणी आकाराची उंच इमारत उभी राहिली. आल्फ्रेड स्टीग्लिट्झने १९०३मध्ये ती बर्फात टिपली. एडवर्ड स्टायकेनने १९०४मध्ये ओल्या, धूसर सांजवेळी टिपली आणि प्लॅटिनमच्या प्रतीवर गमाचे रंगीत थर चढवून तिच्या निरनिराळ्या छटांच्या प्रती केल्या. एक निळसर, एक हिरवट, एक तपकिरी. त्यांतला धूसरपणा त्या संध्याकाळचा किती आणि स्टायकेनच्या कुंचल्याचा किती, हे निव्वळ प्रतीकडे बघून सांगणे अवघड आहे. या चित्राची एक प्रत नोव्हेंबर २०२२मध्ये लिलावात १ कोटी १८ लाख डॉलरांना गेली.

पण धुक्यातल्या वास्तूंचा खरा चित्रकार म्हणायचा तर तो आल्विन लँग्डन कोबर्न. १८८२मध्ये बॉस्टनला जन्मलेला हा तरुण लंडनमध्ये राहिला, छपाईची कला शिकला, हॅमरस्मिथला स्वतःची यंत्रे बसवली आणि १९०९मध्ये ‘लंडन’ हा वीस फोटोग्रॅव्ह्युअर्सचा संच काढला. त्यातले सेंट पॉलचे चित्र मी पुनःपुन्हा पाहतो. खाली गर्द रस्ता, त्यावरून आडवा गेलेला रेल्वेचा पूल, पुलावर वाफेचा लोट आणि या सगळ्याच्या मागे कॅथीड्रलचा भला थोरला घुमट, बोटाने पुसून टाकावा इतका फिकट.

हे चित्र इतके पटते का, याचे एक साधे कारण आहे. धुक्यात अंतराच्या प्रत्येक सारख्या टप्प्याला उरलेल्या कॉन्ट्रास्टचा सारखाच हिस्सा कापला जातो. शंभर मीटरमध्ये निम्मा गेला तर दोनशेवर पाव उरतो, तीनशेवर दोन आणे. कोशमीडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४मध्ये हे सूत्रात बसवले. त्यामुळे वास्तूची जाडी, नक्षी, खिडक्या नाहीशा होतात आणि एकामागे एक लावलेले कागदी कापे उरतात. लंडनसारख्या गर्दीच्या शहरात जी वास्तू वेगळी काढून दाखवणे एरवी अशक्य, ती धुके आपण होऊन वेगळी काढून देते. अशी हवा मिळाली की छायाचित्रकाराला हर्ष होतो. मला त्या जानेवारीत झाला होता तसाच.

*

आता ती हवा कसली होती ते पाहायला हवे.

लंडनचे धुके पिवळे होते, तपकिरी होते, कधी हिरवट. वर सांगितले की शुद्ध धुके पांढरे असते. रंग आला की समजावे, त्यात आणखी काही आहे. ते होते दगडी कोळशाचा धूर. लाखो घरांच्या चुली, शेगड्या, कारखाने, आगगाड्या. टेम्सच्या खोऱ्यात हिवाळ्यात गार हवा तळाशी अडकून बसे आणि वरून उबदार हवेचे झाकण. धूर जाणार कुठे? डिसेंबर १८७३च्या धुक्यात इझ्लिंग्टनच्या पशुप्रदर्शनात आणलेली बक्षिसाची गुरे गुदमरून मेली. माणसेही मरत होतीच. पण गुरांची बातमी झाली. धूर आणि धुके मिळून एक शब्द करावा असे १९०५मध्ये एका डॉक्टरने, हेन्री देवू याने, सुचवले आणि इंग्रजीत ‘स्मॉग’ रूढ झाला. आपल्याकडे त्याच रीतीने ‘धुरके’ झाले.

कोबर्नचा संच १९०९चा. म्हणजे शब्द होता, मेलेली गुरे होती, डॉक्टरांचे इशारे होते. चित्रांत यांतले काही नाही. ऑस्कर वाइल्डने तर १८९१च्या पुस्तकातल्या एका संवादात असा चमकदार युक्तिवाद मांडला होता की धुके शतकानुशतके असेल, पण चित्रकारांनी दाखवीपर्यंत ते कुणाला दिसलेच नव्हते. त्याच ओघात लोकांच्या सर्दीपडशावरही तो कोटी करून जातो. वाचताना हसू येते. मग ताईचा फोन आठवतो.

या सगळ्यात मला चटका लावून गेली ती क्लोद मोनेची गोष्ट. १८९९ ते १९०१ या काळात मोने तीनदा लंडनला येऊन राहिला, टेम्सकाठच्या सॅव्हॉय हॉटेलात. तिथल्या सज्जातून त्याने वॉटर्लू आणि चेरिंग क्रॉसचे पूल रंगवले, पलीकडच्या रुग्णालयातून पार्लमेंट रंगवले. १९०४मध्ये त्यातली ३७ चित्रे पॅरिसला मांडली. मार्च १९००मध्ये बायकोला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की सकाळी उठून पाहिले तर धुक्याचा मागमूस नाही. धसका बसला, सगळी चित्रे वाया गेली असे वाटले. मग हळूहळू घरोघरी शेगड्या पेटल्या, धूर निघाला आणि धुके परत आले. त्याचा जीव भांड्यात पडला.

मोनेला दोष द्यावा असे मला वाटत नाही. शेगड्यांचे नाव तरी त्याने घेतले. आपण काय रंगवतो आहोत हे त्याला नेमके ठाऊक होते. वाइट वाटले असेल तर ते पत्रात दिसत नाही, एवढेच.

त्या कॅनव्हासांना शंभर वर्षांनी वेगळेच मोल आले. ॲना ली ऑलब्राइट आणि पीटर हायबर्स या दोन संशोधकांनी टर्नरची ६० आणि मोनेची ३८ चित्रे घेऊन त्यांतल्या कडांचा धूसरपणा आणि कॉन्ट्रास्ट मोजला आणि तो त्या त्या काळातल्या गंधकाच्या धुराच्या अंदाजांशी ताडून पाहिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २०२३मध्ये त्यांचा निबंध आला. हवा जसजशी काळवंडली तसतशी चित्रे धूसर होत गेली. चित्रकाराची शैली किंवा अधू दृष्टी एवढ्यानेच त्याचा उलगडा होत नाही, कारण त्याच चित्रांत जवळच्या वस्तू स्पष्ट आहेत आणि लांबच्या पुसट.

मग चित्रकाराच्या हाताने हवा मोजता येते, तर छायाचित्रावरून जास्तच मोजता यावी? मला आधी तसे वाटले. पण कोबर्नची चित्रे समोर ठेवून विचार केला तेव्हा पाणी वेगळेच दिसले. प्लेट कुठली, ती कुठले रंग पाहत होती, किती वेळ धुतली, ताम्रपटावर किती खरवडले, शाई कशी लावली, या प्रत्येक पायरीवर कॉन्ट्रास्ट बदलतो. स्टायकेनच्या बाबतीत तर विचारूच नये. ज्यांनी धुके सर्वांत सुंदर छापले त्यांचीच साक्ष सर्वांत कच्ची. त्या चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा एवढे जरी लिहिलेले सापडले असते, तरी आज त्यांचे काय काय झाले असते!

पुढे १९५२. ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस लंडनवर धुरके बसले. बससमोर माणूस दिवा घेऊन चाले. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात आत शिरलेल्या धुरक्याने ऑपेरा मध्येच थांबवावा लागला. तेव्हाच्या अंदाजाने ४,०००च्या आसपास माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांत तो आकडा १२,०००पर्यंत जातो. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांची पंचाईत अशी की धुक्यात फ्लॅश चालत नाही. कॅमेऱ्याशेजारून टाकलेला प्रकाश समोरच्या थेंबांवरून उलटून भिंगात येतो आणि पांढरी भिंत उमटते. म्हणून त्या दिवसांची चांगली चित्रे ही दृश्यातच दिवा असलेली आहेत : पेटती मशाल धरून वाहनांना वाट दाखवणारा पोलीस, बसचे दिवे. नाका-तोंडावर रुमाल बांधलेली माणसेही त्यांत आहेत. कोबर्नच्या चित्रांशेजारी ठेवली तर रचना तीच, पूल तेच, फिकटपणा तोच. फक्त खाली ओळ छापलेली आहे : कुठे, केव्हा, काय झाले. १९५६मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, १९६२च्या डिसेंबरात आणखी एक मोठा फेरा आला, आणि मग लंडनचे ते धुके संपले.

*

गेल्या जानेवारीत मी पुन्हा ताईकडे गेलो तेव्हा एवढे वाचून झालेले होते. माझ्या बाजूने बोलायला माझ्याकडे मुद्देही होते. जानेवारीत दिल्लीवर बसते ते खरेच धुके असते. हिवाळी पाऊस होऊन गेलेला, ओलावलेली शेते, निरभ्र रात्र, वारा पडलेला. एमर्सनच्या दलदलीत व्हायचे तेच सिंधू-गंगेच्या मैदानात होते. नोव्हेंबरातला, शेतातले भाताचे खुंट जाळल्याचा कोरडा धूर वेगळा.

पण थेंब धरायला कण लागतो, आणि तो कण कसला, हा प्रश्न उरतोच. आपल्या पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा मोठा अभ्यास मांडला आहे. २०२१मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये मद्रासच्या आयआयटीतल्या संशोधकांचा निबंध आला. दिल्लीच्या हवेतले क्लोराइडचे कण पाणी ओढून घेतात आणि तिथली दृश्यता जी कमी होते त्यातला जवळजवळ निम्मा वाटा याचा, असे त्यांचे म्हणणे. हे क्लोराइड येते ते काही कारखान्यांतून आणि प्लॅस्टिकसारखा कचरा जाळण्यातून. म्हणजे धूर आणि धुके असे दोन वेगळे ढीग करता येत नाहीत. पुष्कळसे थेंब धुराच्याच अंगावर बसलेले.

ताईला मी हे सांगितले. ती भाजी निवडत होती. “म्हणजे तू अर्धा बरोबर आणि मी अर्धी,” ती म्हणाली. भाऊजी पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “निम्म्या धुक्याला निम्मा पंप पुरला असता तर बरं झालं असतं.”

रात्री मी संगणकावर त्या छायाचित्राची मूळ फाइल उघडली. हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये धूसरपणा काढणारी पट्टी असते. तिच्यामागे कोशमीडरचेच गणित उलटे चालवलेले असते : किती अंतरावर किती हवा आड आली याचा अंदाज करायचा आणि तेवढी हवा वजा करायची. बोर्नने हिमालयात या पट्टीसाठी काय दिले असते! मी ती सरकवत नेली. घुमट उगवला, कळस उगवला, मागची झाडे आली, दगडाचा रंग मळकट तांबूस होत गेला. खालच्या बाजूला एक तपकिरी पट्टा तेवढा हटेना. दिल्लीची हवा मी बोटाने पुसून टाकली होती. ते चित्र मी जपून ठेवले नाही.

पण मूळ फाइल उघडल्यामुळे दुसरीच गोष्ट हाती लागली. चित्राची उजवी बाजू मी प्रदर्शनासाठी कापून टाकली होती, हे मी साफ विसरून गेलो होतो. त्या कापलेल्या भागात, मोडक्या कुंपणाला लागून, दोन माणसे शेकोटीपाशी उकिडवी बसलेली आहेत. एक बहुधा रखवालदार, डोक्याला मफलर. शेकोटीत पाने आहेत, फळकुटे आहेत आणि एक निळसर पिशवी अर्धी जळालेली आहे. धुराची एक रेघ वर चढून कबरीच्या दिशेने वाकली आहे आणि धुक्यात मिसळली आहे. कुठे मिसळली ते चित्र मोठे करून पाहिले तरी सांगता येत नाही. खराटेवाला माणूस वाकून जी पाने गोळा करतो आहे ती कुठे जाणार, हेही त्या कोपऱ्यामुळे कळते. रचना बिघडते म्हणून मी तो काढला होता. खरोखरच बिघडते. डावीकडचा एकटा माणूस मग एकटा राहत नाही.

त्या दोघांवर माझा राग नाही. त्या पहाटे पाच-सहा अंश तापमान होते आणि मी उबदार गाडीतून उतरलो होतो आणि आधी दहा मिनिटे थांबलो होतो. त्या दहा मिनिटांत मी त्यांच्याच शेकोटीवर हात शेकले होते. तेही आठवले.

पुण्याला परतल्यावर मी न कापलेल्या चित्राची प्रत करून घेतली, लहानच, आठ बाय बाराची, आणि ताईला पाठवून दिली. मागे तारीख आणि वेळ लिहिली होती : सकाळी ७ वाजून ४० मिनिटे. दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा मी विचारले, मिळाले का? मिळाले म्हणाली. त्या तारखेचे काही आठवतेय का ते तिने आपल्या जुन्या वहीत शोधले होते. दम्याच्या डॉक्टरांनी तिला रोजची नोंद ठेवायला सांगितलेली आहे. ती नोंद तिने माझ्या अक्षराखाली उतरून काढली होती : ‘पहाटे ४ला जाग. पंप दोनदा. सकाळी फिरायला गेले नाही.’

ते चित्र भिंतीवर नाही. ताईच्या तपासण्यांच्या कागदांची एक जाड फाइल आहे, तिच्यात छातीच्या दोन एक्स-रेंच्या मध्ये तिने ते ठेवले आहे.